देवमाशाची साक्ष

गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आम्ही घरची चार माणसे रामटेकला गेलो होतो. गडावर वराहाच्या मूर्तीपाशी एका शाळेची सहल थांबलेली होती. शाळा कोणती हे मी विचारले नाही. विचारले असते तरी येथे लिहिले नसते, कारण तिचे गुरुजी भले गृहस्थ होते आणि मुलांवर त्यांचा जीव आहे हे लांबूनही कळत होते. ते सांगत होते, ‘‘हे बघा, आधी मत्स्य. मग कूर्म, म्हणजे पाण्यात नि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा. मग हा वराह, पुरता जमिनीवरचा. मग अर्धा पशू नि अर्धा माणूस. मग बुटका माणूस, मग पुरा माणूस. डार्विनसाहेबानं जे काल-परवा सांगितलं, ते आपल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं!’’ मुलांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर सवयीने मीही डोलावली.

तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, मंग देवमासा कोणत्या पायरीवर बसते?’’

‘‘अगं, देवमासा म्हणजे मासाच न! पहिल्या पायरीवर.’’

‘‘पण सर, थो तं पिल्लाले दूध पाजते न?’’

गुरुजी हसले, म्हणाले, ‘‘चला, चला, बस सुटून जाईन,’’ आणि सहल पायऱ्या उतरू लागली. मुलीचा प्रश्न मात्र तेथेच वराहाच्या पायाशी पडून राहिला. तो उचलून घरी आणावा असे मला वाटले, आणि वर्षभर तो मजपाशी आहे. दशावतार म्हणजेच उत्क्रांतिवाद, हे जे आपल्याकडे व्याख्यानांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि दिवाळीच्या फराळाच्या ताटांभोवती मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, ते चूक आहे एवढेच नव्हे, तर अपायकारक आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि माझा साक्षीदार म्हणून मी देवमाशाला उभा करणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे कोणाच्या सणाला गालबोट लागावयास नको. माझे भांडण अवतारांशी नाही. दिवाळीचे दिवस बहुतेक अवतारांच्याच घरचे आहेत. धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीचे स्मरण करतो. नरकचतुर्दशीचा नरकासुर हा भूमीचा आणि वराहाचा पुत्र, त्याला कृष्णाने मारिले. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, तो वामनाचा दिवस. ह्या कथांत जे सांगावयाचे आहे ते अगदी निराळे आहे. जगावर संकट आले की कोणी तरी धावून येतो, आणि धावून येणाऱ्याला डुकराचे रूप घेण्यातही कमीपणा वाटत नाही, हा त्या कथांचा गाभा. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळी ज्यांनी वराह, नरसिंह आणि त्रिविक्रम घडविले ते शिल्पकार प्राणिशास्त्राचे क्रमिक पुस्तक लिहीत नव्हते. त्यांच्या छिन्नीच्या तोंडी डार्विनचे शब्द घालणे हा डार्विनवर अन्याय आहेच, पण त्या शिल्पकारांवर त्याहून मोठा अन्याय आहे.

बरे, ही पायऱ्यांची ओळ तरी ग्रंथांत तशीच आहे काय? भागवताच्या प्रथम स्कंधातला तिसरा अध्याय काढून पाहावा. तेथे अवतार दहा नाहीत, बावीस आहेत. पहिला सनकादिक कुमारांचा, वराह दुसरा, आणि मत्स्य दहावा! कूर्म अकरावा, लगेच मागून धन्वंतरी आणि मोहिनी, आणि त्यानंतर नरसिंह. म्हणजे ह्या हिशेबाने आधी मनुष्य, मग डुक्कर, पुन्हा मनुष्य, मग मासा, कासव, वैद्य, स्त्री आणि मग सिंह. ही क्रमवारी पाहून भागवतकारांना उत्क्रांती कळली नव्हती असे मी म्हणणार नाही. त्यांना ती सांगावयाचीच नव्हती, असे म्हणेन. आणि ज्यांना ही तुलना अस्सल स्वदेशी वाटते त्यांच्या माहितीसाठी एवढेच की, ती पहिल्याप्रथम ठळकपणे मांडणाऱ्यांत रशियात जन्मलेल्या ब्लावट्स्कीबाई आहेत, आणि त्यांचा तो इंग्रजी ग्रंथ १८७७ साली, डार्विनच्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी निघाला. आधी साहेबाचे पुस्तक आले आणि मग आपल्या पोथीत ते ‘सापडले’, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता साक्षीदाराकडे वळू. मराठीने त्याला ‘देवमासा’ म्हटले, आणि नावानेच घोटाळा केला. वास्तविक तो फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचे रक्त उष्ण असते, मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. निळ्या देवमाशाचे पिलू दिवसाकाठी दीड-दोनशे लिटर दूध पिते. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते. का? कारण त्याचा कणा अजून धावत्या जनावराच्या कण्यासारखाच वाकतो. चौखूर उधळणारा घोडा किंवा पळणारा कुत्रा बाजूने पाहावा: पाठ वर-खाली होते, डावी-उजवीकडे नव्हे. देवमासा समुद्रात जणू चौखूर धावतो आहे, फक्त खूर नाहीत. त्याच्या वल्ह्यासारख्या हातात बोटांची हाडे आहेत. गर्भावस्थेत त्याला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि पुढे जिरून जातात. लिनियसने १७५८ सालीच त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसविले. आपण नागपूरकर समुद्रापासून फार दूर, तेव्हा आपल्याला अडीचशे वर्षे उशीर झाला तर एक वेळ क्षम्य आहे. पण २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या वाळूवर देवमाशाचे एक पिलू येऊन लागले. वनखात्याची माणसे, कोळी बांधव, पर्यटक सगळे त्याच्यावर पाणी ओतत होते, त्याला समुद्रात ओढून नेत होते. ते वाचले नाही. त्या दिवसांत ‘मासा पाण्यात का जाईना’ असे विचारणारे मी सुशिक्षित घरांत पाहिले. आईपासून तुटलेल्या तान्ह्याला नुसते पाणी पुरत नाही, ही साधी गोष्ट त्या एका शब्दाने झाकून टाकली होती.

म्हणजे देवमासा सस्तन ठरला. मग तो पाण्यात कसा? सस्तन प्राणी जमिनीवर घडले. तेव्हा हा जमिनीवरून पाण्यात परत गेलेला असला पाहिजे. येथेच गुरुजींची शिडी मोडते. जो प्राणी मत्स्य-कूर्म ओलांडून वराहाच्या पायरीवर आला होता, तो पुन्हा खाली उतरून पहिल्या पायरीवर जाऊन बसला, आणि बसला तो काही दीनवाणा होऊन नव्हे. आजवर पृथ्वीवर झालेल्या प्राण्यांत सर्वांत प्रचंड होऊन बसला. शिडीवर असे करता येत नाही. उत्क्रांती ही शिडीच नव्हे. ती वडाच्या झाडासारखी आहे. फांदी वर जाते, आडवी जाते, पारंबी खाली मातीत उतरते, आणि कोणतीही फांदी दुसरीची ‘पुढची पायरी’ नसते.

डार्विनलाही ह्या प्राण्याने त्रास दिला होता. १८५९ च्या पुस्तकात त्याने एक अस्वल तोंड उघडे ठेवून तासन् तास पोहत किडे टिपताना पाहिल्याची हकीकत दिली, आणि अशा प्राण्यापासून देवमाशासारखा प्राणी घडणे आपल्याला अशक्य वाटत नाही असे सुचविले. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि पुढच्या आवृत्तीत त्याने ती कल्पना गाळली. अस्वल चुकीचेच होते. पण प्राणी जमिनीवरून पाण्यात गेला हे बरोबर होते.

आणि ह्या कथेचा एक धागा आपल्या नागपुरातून जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. स्टीफन हिस्लॉप हे नाव आपल्याकडे महाविद्यालयाच्या फाटकावर वाचावयास मिळते. हा स्कॉटिश पाद्री १८४५ साली नागपुरास आला आणि धर्मोपदेशाच्या जोडीला दगड फोडीत हिंडला. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड हा लाव्हाचा, हे त्याने नोंदले. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळातून त्याने गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, बिया, फळे, किड्यांचे अवशेष गोळा केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो वाहून गेला. त्याने आणि त्याचा सोबती हंटर याने वर्धा खोऱ्यातल्या मांगलीची एक कवटी लंडनला धाडली होती. १८५५ साली तिचे वर्णन रिचर्ड ओवेनने प्रसिद्ध केले. ती एका प्राचीन उभयचराची निघाली.

हा ओवेन कोण? १८३४ साली अमेरिकेतल्या एका प्रचंड जीवाश्माला ‘सरड्यांचा राजा’ अशा अर्थाचे बॅसिलोसॉरस हे नाव मिळाले होते. ओवेनने १८३९ साली त्याचे दात तपासून सांगितले, हा सरडा नव्हे, हा सस्तन आहे, देवमाशांच्या कुळातला आहे. त्याच ओवेनने १८४८ साली सम संख्येने खूर असणाऱ्या प्राण्यांचा, म्हणजे गाय, शेळी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा ह्यांचा, एक स्वतंत्र गण बांधून दिला. एका हाती जुना देवमासा, दुसऱ्या हाती समखुरी गण! दोन्ही हात एकमेकांजवळ आणले असते तर? पण ओवेनने ते आणले नाहीत. उलट डार्विनचे पुस्तक निघाल्यावर १८६० साली त्याने निनावी लेख लिहून त्याच्यावर आग पाखडली. विद्वत्ता अपुरी नव्हती. तुलना करावयाची तयारी नव्हती. ते दोन हात जवळ यावयास पुढे दीडशे वर्षे लागली, आणि ते आले ते आपल्या भारतखंडाच्या मातीतून.

सीताबर्डीचा दगड निवाला त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. तेव्हा देवमासा पृथ्वीवर कोठेही नव्हता. त्यानंतर दीडएक कोटी वर्षांनी, भारताचा भूखंड आशियाला भिडत असताना, दोहोंच्या मध्ये टेथिस नावाचा उथळ होत चाललेला समुद्र होता. त्याच्या काठाला हे सारे घडले. १९७० च्या दशकात लखनौ विद्यापीठाचे अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा ह्यांनी कच्छच्या उघड्या माळरानातून प्राचीन देवमाशांची हाडे वर्णिली. चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे हे प्राणी. पुढे २००० साली सुनील बाजपेयी आणि हान्स टेविसेन ह्यांनी तेथल्याच एका लहानग्याला ‘कच्छिसीटस’ असे नाव दिले. पाणमांजराएवढा, लांब शेपटीचा देवमासा! पलीकडे पाकिस्तानात १९८१ साली ‘पाकिसीटस’ची कवटी प्रसिद्ध झाली होती आणि १९९४ साली ‘ॲम्ब्युलोसीटस’, म्हणजे चालणारा-पोहणारा देवमासा, सापडल्याचे जाहीर झाले. इजिप्तच्या वाळवंटात १९९० साली बॅसिलोसॉरसचे मागचे पाय मिळाले: पंधरा मीटरांहून लांब धूड आणि हातभर पाय, चालावयास निरुपयोगी, पण गुडघ्यासकट आणि बोटांसकट.

तरी पूर्वज कोण, हा वाद होताच, आणि ह्या वादाची हकीकत मला सर्वांत आवडते. १९६६ साली व्हॅन व्हॅलेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दातांच्या ठेवणीवरून सांगितले की देवमासे हे मेसोनिकिड नावाच्या खूरवाल्या, पण मांसाहारी अशा नष्ट कुळातून आले. तीस वर्षे बहुतेकांनी ते मानले. मग १९९७ साली आणि पुन्हा १९९९ साली जपानी संशोधकांनी रक्ताचे, म्हणजे जनुकांचे, दप्तर काढले. त्यांची पद्धत दिवाळी अंकाच्या वाचकाला चटकन कळेल. समजा, एका पुस्तकाच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्यांत एकाच पानावर, एकाच ओळीत, एकच मुद्राराक्षस सापडला. एक नव्हे, असे दहा-पंधरा सापडले. तर आपण काय म्हणतो? दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून छापल्या आहेत. जनुकांच्या मजकुरातही अधूनमधून निरर्थक तुकडे कोठे तरी घुसतात आणि पिढ्यान् पिढ्या तसेच नकलले जातात. देवमासा आणि पाणघोडा ह्यांच्या मजकुरात तेच तुकडे त्याच जागी निघाले. डुकरात ते नाहीत, उंटात नाहीत. थोडे निराळे काही तुकडे देवमासा, पाणघोडा आणि गाय-हरिणे ह्यांत समाईक निघाले. म्हणजे पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग. त्यानंतर रवंथ करणारे.

हाडेवाल्यांना हे पटेना. त्यांत फिलिप गिंगरिच होते, पाकिसीटस जगापुढे आणणारे, मेसोनिकिडांच्या बाजूचे. मग २००१ च्या सप्टेंबरात एकाच सुमारास दोन शोध प्रसिद्ध झाले, एक टेविसेन ह्यांचा आणि एक खुद्द गिंगरिच ह्यांचा. दोघांनाही प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड सापडले होते. समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असते, त्याला वर आणि खाली दोन्ही बाजूंना कप्पीसारखी खाच असते, विहिरीवरच्या कप्पीला असते तशी. जगात दुसऱ्या कोणत्याही प्राण्यांना अशी दुहेरी कप्पी नाही. आपण नागपूरकर सावजी रश्श्याचे भोक्ते. बोकडाच्या मागल्या तंगडीतले हे हाड ताटात आले तर फेकण्यापूर्वी धुऊन पाहावे. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांच्या पायात हेच हाड निघाले. गिंगरिचनी आपले म्हणणे सोडले आणि तसे छापून सांगितले.

शेवटचा दुवा तर कोणाच्या घरात पडून होता. ए. रंगा राव हे भारतीय भूवैज्ञानिक. काश्मीरच्या राजौरीकडील कालाकोटच्या खडकातून त्यांनी एका छोट्या समखुरी प्राण्याचे अवशेष काढले आणि १९७१ साली त्याचे नाव ठेविले ‘इंडोहायस’, म्हणजे ‘भारताचा वराह’. त्यांच्या मागे न फोडलेले दगड त्यांच्या पत्नीने जपून ठेवले आणि पुढे टेविसेन ह्यांच्या स्वाधीन केले. दगडातली कवटी साफ करताना मदतनिसाच्या हातून कानाचे हाड तुटले; आणि त्या तुटक्या कडेकडे पाहतात तो काय! कानाच्या पेटीची आतली भिंत जाड, फुगीर. ही खूण तोवर फक्त देवमाशांत ठाऊक होती. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. त्या लेखकांत बाजपेयी आणि बी. एन. तिवारी हे आपले दोघे आहेत. इंडोहायस आकाराने मांजरापेक्षा थोडासा मोठा, दिसावयास आपल्या जंगलातल्या पिसोरी हरिणासारखा, पण हाडे पाणघोड्यासारखी जड, म्हणजे पाण्याच्या तळाशी चालावयास सोयीची. पिसोरीचा आफ्रिकेतला एक भाऊबंद आजही गरुड झेपावला की पाण्यात बुडी मारून लपतो. इंडोहायस हा देवमाशाचा आजोबा नव्हे, चुलत घराण्यातला आहे, हे सांगणे जरूर आहे. कारण तो सापडलेल्या सर्वांत जुन्या देवमाशांहून जुना नाही. शास्त्रज्ञ स्वतःच हे सांगतात. बापाचे नाव सापडत नसताना चुलत्याचे नाव बापाच्या रकान्यात लिहीत नाहीत.

आता मला भीती वाटते ती अशी. हे वाचून कोणी तरी उत्साही गृहस्थ म्हणतील, ‘‘बघा! वराहही समुद्रातच उतरला होता, पृथ्वी वर काढावयास! आणि त्या प्राण्याचे नावसुद्धा भारताचा वराह! म्हणजे देवमाशाची उत्पत्तीही आपल्या पुराणांत आहेच!’’ बाबांनो, हात जोडतो, हे करू नका. तुमच्या पद्धतीची खोट नेमकी हीच आहे. वराह जमिनीवरचा मानला तरी जुळते, पाण्यात उतरविला तरी जुळते. देवमासा पहिल्या पायरीवर असला तरी तुमचे खरे, तिसऱ्या पायरीवर असला तरी तुमचेच खरे. माझा एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला कोणत्याही व्यासपीठावरून मिळालेले नाही: कोणते हाड सापडले तर तुम्ही आपले म्हणणे मागे घ्याल? गिंगरिचला ते हाड ठाऊक होते, म्हणून ते सापडताच तो वळला. ज्या मताला हरण्याची वाटच ठेवलेली नाही ते जिंकले असे कसे म्हणावे?

कोणी म्हणतात, अहो, हा एक पूल आहे. श्रद्धाळू घरातल्या मुलाला डार्विनपर्यंत न्यावयास सोयीचा. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. मीही पूर्वी एक-दोन व्याख्यानांत हा पूल वापरला आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. पण त्या पुलावरून मूल डार्विनपर्यंत पोहोचत नाही, शिडीपर्यंत पोहोचते. आणि शिडीचे पुढचे डांडे काय सांगतात ते पाहा. वामन म्हणजे अर्धविकसित बुटका मानव, परशुराम म्हणजे कुऱ्हाडवाला रानटी मानव, मग धनुर्धारी सुधारलेला मानव, अशी ही व्याख्याने पुढे जातात. म्हणजे उंचीने कमी तो अपुरा माणूस, आणि रानात राहणारा तो मागच्या पायरीवरचा! हे नागपुरात बसून सांगता? हे शहर वसविले गोंड राजा बख्त बुलंद शाहने. ज्यांच्या राजाने तुम्हाला गाव दिले त्यांच्या मुलांना वर्गात ‘रानटी अवस्था’ म्हणून दाखविणार? आणि नवव्या पायरीवर बुद्ध. ज्या नगरात १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली, तेथे तरी ही पायरी मोजताना जीभ चाचरावी. वर्गात सगळ्यांचीच मुले बसलेली असतात. प्राणिशास्त्राचा तास कोणाच्याही बापाला खालच्या पायरीवर बसविण्यासाठी नाही.

दुसरा पक्ष ह्याच्या उलट. त्यांना तुलनाही नको, डार्विनच नको. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रदृष्ट्या चूक असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला असे आपल्या पूर्वजांनी लिहिलेले वा सांगितलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना मिळून त्याचा निषेध करावा लागला. ‘पाहिले कोणी’ हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो तहसील कचेरीत नेऊन विचारावा. तुमच्या पणजोबांनी शेत घेतले ते तुम्ही पाहिले काय? नाही. मग सातबारा कशावर चालतो? फेरफाराच्या नोंदींवर. एक नोंद खोटी असू शकेल. पण घोट्याचे हाड एक सांगते, कान तेच सांगतो, गर्भातले पाय तेच सांगतात, जनुकांतले मुद्राराक्षस तेच सांगतात, आणि ह्या चौघांची आपसांत कधी गाठ पडलेली नाही. असे चार साक्षीदार मिळाले तर कोणताही दिवाणी न्यायाधीश दावा निकाली काढील.

२०२३ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन आपल्या नागपूर विद्यापीठात भरले. शहराला कोण अभिमान वाटला! आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात आपल्याला कळले की केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातला ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा आता नुसता ‘आनुवंशिकता’ झाला आहे. करोनाच्या काळात ओझे हलके करावयाचे म्हणून जे तात्पुरते गाळले होते ते कायमचे गाळले गेले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी पत्रक काढले. उत्तर आले, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की! आहे, पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा नुसते गणित घेणाऱ्या मुलाने बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक कधी उघडावयाचे? पुढे वकील, व्यापारी, मंत्री होणारे बहुतेक ह्यांतूनच होतात. आपल्या राज्य मंडळाने २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा ठेवला होता, ह्याबद्दल त्याला धन्यवाद दिले पाहिजेत. पण धडा छापलेला असणे वेगळे आणि शिकविला जाणे वेगळे. रामटेकचे गुरुजी बहुधा तोच धडा शिकवीत असतील, आणि शिकविताना तीच शिडी लावीत असतील.

सर्वांत खेद वाटतो तो ह्याचा, की पुराव्यासाठी आपल्याला परदेशी जावे लागत नाही. कच्छ आपला, कालाकोट आपला, साहनी, मिश्रा, रंगा राव, बाजपेयी, तिवारी आपले. स्वदेशीचा अभिमानच धरावयाचा तर ह्याचा धरावा! ज्याला हजारो वर्षांपूर्वीचे ऋषी पुरावा म्हणून हवे आहेत त्याला १९७१ साली कालाकोटच्या उन्हात दगड फोडणारा रंगा राव का चालत नाही? वसुबारसेला आपण जी सवत्स धेनू पुजली, तिला घोड्यापेक्षा, इतकेच काय डुकरापेक्षाही, गणपतीपुळ्याच्या वाळूवर मेलेले ते पिलू नात्याने जवळचे होते, हे ज्ञान आपल्याच भूमीतून निघाले. आणि ते आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे, लहानशी. आपला अजब बंगला १८६३ सालचा, हिस्लॉप वाहून गेला त्याच वर्षीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मोठी कचेरी सेमिनरी हिल्सवर, जुन्या टाकळीच्या शेजारीच आहे. ह्या दोघांनी मिळून एका काचेच्या कपाटात तीन वस्तू मांडाव्यात: इंडोहायसच्या कानाचा एक प्लास्टरचा ठसा, एखाद्या प्राचीन देवमाशाच्या घोट्याच्या हाडाचा ठसा, आणि त्यांच्या शेजारी बाजारातून आणलेल्या बोकडाचे तेच हाड, खरे. खाली मराठीत चार ओळी. खर्च एखाद्या सत्कार-समारंभातल्या शाली-श्रीफळांहून अधिक येणार नाही. आणि शाळांच्या सहली रामटेकला जाण्याआधी तेथे अर्धा तास थांबवाव्यात. मी त्या गुरुजींनाही तेथे बोलावीन. त्या दोन वेण्यांच्या मुलीला बोलवावयाचे तर तिचा पत्ता मजजवळ नाही. पण हा अंक तिच्या घरी येत असेल तर तिच्या आईवडिलांनी तिला एवढे सांगावे की बाई, देवमासा कोणत्याच पायरीवर बसत नाही. त्याच्या घोट्याचे हाड पाहावयास ये.